शिष्यत्वाची किंमत कोणी भरायची? लूक 14 आणि टिळक दांपत्य

ओवीवाचक (धागाकर्ते)

लूकच्या शुभवर्तमानातील चौदाव्या अध्यायाच्या शेवटी येशूच्या मागे मोठा जमाव चाललेला आहे, आणि तो मागे वळून त्या जमावाला जे सांगतो ते अनुयायी वाढवू पाहणाऱ्या कुठल्याही पुढाऱ्याने सांगितले नसते. जो माझ्याकडे येतो आणि आपले आईबाप, बायको, मुले, भाऊबहिणी यांचा, इतकेच काय स्वतःच्या जिवाचाही द्वेष करीत नाही, त्याला माझा शिष्य होता येत नाही, असे ते वचन आहे. त्याला लागूनच बुरूज बांधणाऱ्याचा दृष्टान्त येतो. बांधायला घेण्यापूर्वी माणसाने बसून खर्चाचा अंदाज करावा, नाहीतर पाया घालून काम अडेल आणि पाहणारे हसतील. योहानाच्या तेराव्या अध्यायात मात्र तोच येशू अटक झाली त्याच रात्री शिष्यांना नवी आज्ञा देतो की मी तुमच्यावर जशी प्रीती केली तशी तुम्ही एकमेकांवर करावी, आणि या प्रीतीवरूनच तुम्ही माझे शिष्य आहात हे सर्वांना कळेल. एका ठिकाणी शिष्याची खूण त्यागात सांगितली आहे, दुसऱ्या ठिकाणी प्रीतीत. या दोन्ही गोष्टी एकाच घरात एकाच वेळी लागू झाल्या तर काय होते, हा या धाग्याचा विषय आहे.

फुलामुलांचे कवी म्हणून शाळेत ज्यांची ओळख होते त्या नारायण वामन टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्याआधी सुमारे दोन वर्षे, राजनांदगावकडे जाताना रेल्वेच्या डब्यात भेटलेल्या एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार वाचायला दिला होता. डोंगरावरील प्रवचनापर्यंत पोचल्यावर त्यांना ते पुस्तक सोडवेना. कोकणस्थ ब्राह्मण घरातला, संस्कृतात मुरलेला, स्वभावाने मानी असा हा माणूस ख्रिस्ताकडे ओढला गेला तो पापाच्या भीतीने किंवा नरकाच्या वर्णनाने नव्हे. शत्रूवरही प्रीती करायला सांगणाऱ्या त्या तीन अध्यायांनी त्याला धरले. त्या प्रीतीच्या शिकवणीचे पहिले दृश्य फळ असे झाले की सव्वीस वर्षांची बायको लक्ष्मीबाई आणि लहानगा मुलगा दत्तू मागे राहिले.

लक्ष्मीबाईंना विचारून घेतलेला हा निर्णय नव्हता. त्यानंतरची चार-पाच वर्षे त्यांनी नातेवाइकांच्या आधाराने काढली, त्यांतला बराच काळ पंढरपुरात. त्या काळच्या समाजात त्यांची जागा कोणती होती याचा विचार करावा. नवरा जिवंत असल्यामुळे त्या विधवा नव्हत्या, पण नवऱ्याच्या घरी पाऊल टाकले तर स्वतःची जात, माहेर आणि देवघर सुटणार होते, आणि न टाकले तर लोकांच्या कीव करण्यावर दिवस काढायचे होते. ‘स्मृतिचित्रे’ हे लक्ष्मीबाईंचे आत्मचरित्र वाचताना या भागात हसू येते, कारण लक्ष्मीबाई कशाचीही विनोदाशिवाय गोष्ट सांगत नाहीत, पण त्या हसण्याखालून जे दिसते ते सोसणे आहे.

माझी अडचण अशी आहे की आपल्या मंडळ्यांमध्ये (चर्चमध्ये) टिळकांचे उदाहरण लूक 14 च्या प्रवचनात अगदी सहज वापरले जाते: त्यांनी सर्वस्व सोडले, तुम्ही काय सोडणार, असे विचारले जाते. दृष्टान्तातला बांधकाम करणारा मात्र स्वतःच्या पैशाचा हिशेब करतो. टिळकांच्या बाबतीत हिशेब एकाने केला आणि रकमेचा मोठा भाग दुसऱ्या व्यक्तीच्या नावावर पडला. पाळकसाहेब (चर्चचे धर्मोपदेशक) ज्या त्यागाचे कौतुक करतात तो नेमका कोणाचा त्याग होता? माझे मत असे आहे की टिळकांचे शिष्यत्व 1895 च्या निघून जाण्यात शोधू नये. ते शोधायचे असेल तर त्यानंतर त्यांनी ज्या रीतीने वाट पाहिली तिथे शोधावे. इतरांना काय वाटते ते वाचायला आवडेल.

जुना_नगरकर

धागा चांगला आहे, आणि शेवटच्या वाक्याशी मी सहमत आहे; परंतु त्या वाक्याला आधार देणारी माहिती धाग्यात आलेली नाही, म्हणून ती येथे देतो.

टिळकांपुढे कायद्याने उघडा असलेला एक मार्ग होता. 1866 च्या कायद्यान्वये, ख्रिस्ती झालेल्या व्यक्तीच्या जोडीदाराने केवळ धर्मांतराच्या कारणावरून सहा महिने सहवास नाकारला तर त्या व्यक्तीला न्यायालयात दाद मागता येत असे, आणि समेटाचे प्रयत्न फसले तर विवाह मोडून दुसरा विवाहही करता येत असे. हा कायदा नवख्रिस्ती लोकांच्या सोयीसाठीच केलेला होता. टिळक त्या वाटेला गेले नाहीत. त्यांनी पत्रे लिहिली, वाट पाहिली, रागावले, पुन्हा पत्रे लिहिली.

लक्ष्मीबाई अखेर नगरला आल्या त्या ख्रिस्ती होण्यासाठी आल्या नाहीत. नवऱ्यापाशी राहायचे पण सोवळे मोडायचे नाही, स्वयंपाक आणि पाणी वेगळे ठेवायचे, अशी त्यांची अट होती, आणि मिशनच्या माणसांत वावरणाऱ्या टिळकांनी या व्यवस्थेला आडकाठी केली नाही. आजच्या वाचकाला हे साधे वाटेल. ज्या माणसाच्या धर्मांतराचे ख्रिस्ती समाजाला मोठे अप्रूप होते, त्याच्याच घरात त्याच्या हातचे पाणी न चालणारी बायको राहते, हे त्या काळच्या मिशनरी वर्तुळात सांगायला अवघड गेले असणार. पुढे जातिभेद देवाने केलेला नसून माणसाने केलेला आहे, हा निष्कर्ष लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या विचाराने काढला, सर्वांच्या हातचे खायला सुरुवात केली, आणि 1900 साली बाप्तिस्मा घेतला. आधी भेदाभेद गेला आणि मग बाप्तिस्मा आला, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात नेमके हेच प्रकरण आहे. विश्वास न ठेवणारी बायको नवऱ्याजवळ राहण्यास राजी असेल तर त्याने तिला सोडू नये, असे तो स्पष्ट सांगतो. लूक 14 चे वचन घेऊन कोणी घर सोडायला निघाला तर त्याच्या हाती हा अध्यायही द्यावा. आणि ज्या पेत्राने ‘आम्ही सर्व सोडून आपल्यामागे आलो’ असे म्हटले, त्याच पेत्राच्या घरी त्याच्या सासूचा ताप येशूने उतरवला, आणि पुढे तो प्रवासात बायकोला बरोबर नेत असे, हेही पौलाच्याच पत्रातून कळते.

तटस्थ

मी ख्रिस्ती नाही, परंतु ‘स्मृतिचित्रे’ अनेकदा वाचलेले आहे, म्हणून दोन शंका मांडतो.

पहिली शंका टिळकांच्या स्वभावाविषयी आहे. आईच्या मृत्यूनंतर ते लहान वयातच घराबाहेर पडले होते. लग्नानंतरही एक नोकरी सोडून दुसरी धरणे, कोणाला न सांगता निघून जाणे, हातात आलेले पैसे ज्याने मागितले त्याला देऊन टाकणे आणि घरात काय शिजणार याचा विचार न करणे, हे सगळे 1895 च्या आधीचेच आहे. तेव्हा बायकामुलाला मागे ठेवून जाणे ही लूक 14 ची मागणी होती की टिळकांच्या जुन्या सवयीला मिळालेले शास्त्राचे पाठबळ होते? आमच्याकडे संन्यास घेणाऱ्यांविषयी हाच प्रश्न विचारला जातो, आणि ज्ञानेश्वरांच्या वडिलांच्या कथेत तर गुरूने बायकोला विचारल्याशिवाय आलेल्या शिष्याला परत पाठवले, असेच सांगितले आहे.

दुसरी शंका अशी की मूळ धाग्यात सगळे नवऱ्याने सोडण्याविषयी आहे. बायकोने धर्मासाठी नवरा किंवा मूल सोडले असते तर ख्रिस्ती परंपरेने तिला काय म्हटले असते?

ओवीवाचक

पहिल्या शंकेला माझे उत्तर असे की दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात. देवाची हाक आली म्हणजे माणसाचा स्वभाव धुऊन निघत नाही. ती हाक त्याच स्वभावाच्या कानांनी ऐकली जाते. म्हणूनच निघून जाणे हे टिळकांसाठी सोपे होते आणि थांबणे अवघड होते, असे मला वाटते. ज्याला घरात पाय ठरत नव्हता त्याने चार-पाच वर्षे एकाच व्यक्तीच्या होकाराची वाट पाहावी, ही त्याच्या जुन्या स्वभावाविरुद्ध गेलेली गोष्ट आहे. विठ्ठलपंतांची कथा येथे आणल्याबद्दल आभार. ती माझ्या मनात आली नव्हती.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर येथील कॅथलिक वाचकांपैकी कोणी द्यावे.

उत्तर_वसई

देतो. आमच्या मिस्सातील (कॅथलिक उपासनेतील) जुन्या रोमन प्रार्थनेत ज्या थोड्या स्त्रियांची नावे घेतली जातात त्यांत पर्पेतुआ आणि फेलिसिता आहेत. इसवी सन 203 मध्ये उत्तर आफ्रिकेतील कार्थेज येथे त्या दोघींना रिंगणात मारले गेले. पर्पेतुआ साधारण बावीस वर्षांची, चांगल्या घरातली, अंगावर पिणारे मूल असलेली. फेलिसिता दासी होती आणि तुरुंगातच बाळंत झाली. पर्पेतुआने तुरुंगात लिहिलेला वृत्तान्त टिकून राहिला आहे, आणि प्राचीन ख्रिस्ती स्त्रीच्या हातचे इतके जुने लेखन फारच थोडे आहे.

त्या वृत्तान्तातला बाप मला अधिक आठवतो. तो ख्रिस्ती नाही. तो पुन्हा पुन्हा येतो, माझ्या पिकल्या केसांकडे पाहा म्हणतो, मुलीचे हात चुंबतो, तिच्या पायांवर पडतो, तुझ्याशिवाय हे मूल जगणार नाही म्हणतो. ती ढळत नाही. परंतु त्या पानांत त्याच्याविषयीचे दुःखही दिसते. सुभेदाराच्या हुकमाने म्हाताऱ्याला छडीने मारले तेव्हा तो मार आपल्यालाच बसल्यासारखे दुःख झाले, असे ती लिहिते. मूल तुरुंगात जवळ ठेवण्याची परवानगी मिळाली तेव्हा तुरुंग तिला राजवाडा वाटला, असेही लिहिते. शेवटी मूल बापाकडे राहते.

तटस्थ यांना सरळ उत्तर द्यायचे तर परंपरेने तिला संत म्हटले. पुरुषाला एक माप आणि स्त्रीला दुसरे, असे येथे तरी झालेले नाही. मात्र धागाकर्त्यांशी माझा एक मतभेद आहे. आपण किंमत कोणी भरली यावर इतके बोलत आहोत की मागणी खरी होती का, हा प्रश्न मागे पडतो. पर्पेतुआच्या बापाने भरलेली किंमत प्रचंड होती आणि ती त्याने निवडलेली नव्हती. म्हणून तिने सम्राटासाठी धूप जाळायला हवा होता का? जवळच्या माणसांना दुःख होईल एवढ्या कारणाने सत्य नाकारायचे ठरवले तर जगात कोणीच कशासाठी उभे राहणार नाही. क्रूस उचलण्यात आईच्या डोळ्यांतले पाणी पाहणे आलेच. योहानाच्या एकोणिसाव्या अध्यायात मरिया क्रुसापाशीच उभी आहे.

पाळकाची_लेक

वसईकर दादांचे म्हणणे मला पटते, आणि तरीही त्यात एक धोका दिसतो, कारण मी त्या बाजूने वाढलेली आहे जिथे हे वचन रोज वापरले जात असे.

माझे वडील ग्रामीण भागात पाळक होते. ते ढोंगी नव्हते. त्यांची सेवा खरी होती आणि ज्यांना त्यांनी आधार दिला ते लोक आजही त्यांचे नाव काढतात. परंतु आमच्या घरी कोणताही निर्णय आईला विचारून झाला नाही. बदली आली की सामान बांधायचे, शाळा मध्येच सोडायची, घरी कोणी आजारी असले तरी दुसऱ्या गावची उपासना चुकवायची नाही, आणि आईने काही म्हटले की तिला लूक 14 ऐकवायचे. मंडळीतील वडीलधाऱ्यांनाही यात काही गैर वाटत नसे. पाळकाच्या बायकोने हसतमुखाने सर्व करावे ही अपेक्षा पगारपत्रकात नसली तरी पक्की होती. पर्पेतुआच्या समोर सम्राट होता. आमच्या घरासमोर कोणताच सम्राट नव्हता. होते ते एक वेळापत्रक, आणि ते बदलता आले असते.

म्हणून मला मार्कचा सातवा अध्याय येथे आणावासा वाटतो, ज्याचा उल्लेख लूक 14 च्या प्रवचनात मी कधी ऐकला नाही. तेथे येशू परूश्यांवर, म्हणजे धर्मनियम काटेकोरपणे पाळणाऱ्या यहुदी पंथावर, संतापतो, कारण ते आईबापांना द्यायचे ते ‘कुर्बान’, म्हणजे देवाला वाहिलेले, असे जाहीर करून आईबापांचे देणे चुकवायची मुभा देतात. देवाच्या नावाने घरच्या माणसाचा हक्क बुडवणे याला येशू देवाचे वचन रद्द करणे म्हणतो. लूक 14 सांगणारा आणि मार्क 7 सांगणारा एकच आहे. त्याने एका बाजूला आईबापांपेक्षा मला मोठे माना म्हटले आणि दुसऱ्या बाजूला माझे नाव सांगून आईबापांना उपाशी ठेवू नका म्हटले. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात तर जो आपल्या घरच्यांची तरतूद करीत नाही तो विश्वास न ठेवणाऱ्यापेक्षाही वाईट, असे लिहिले आहे.

दोन्हींमधला फरक ओळखण्याची खूण मला अशी वाटते. शिष्याला स्वतःला जे हवे होते तेच त्याला सोडावे लागले का? माझ्या वडिलांना प्रवास, प्रवचन आणि लोकांचा मान आवडत असे. त्यांनी सोडले ते घर, आणि घरात बसणे त्यांना मुळातच जड जात असे. टिळकांविषयी तटस्थ यांनी जे लिहिले ते वाचताना मला म्हणूनच आश्चर्य वाटले नाही.

बर्लिनकर

या चर्चेत जर्मन पाळक आणि धर्मचिंतक डीट्रिख बोनहॉफर यांचे नाव कधीतरी येणारच होते, तर मी आणतो. मात्र नेहमीच्या कारणासाठी नव्हे. 1937 साली प्रसिद्ध झालेल्या शिष्यत्वावरील ग्रंथात त्यांनी ‘स्वस्त कृपा’ हा शब्द रूढ केला: पश्चात्तापाशिवाय क्षमा, वधस्तंभाशिवाय कृपा, आज्ञापालनाशिवाय विश्वास. हिटलरच्या राजवटीपुढे मान तुकवणाऱ्या जर्मन चर्चला उद्देशून ते लेखन होते, आणि फिंकनवाल्ड येथे ते चालवीत असलेले पाळक-प्रशिक्षण त्याच वर्षी गेस्टापोने (नाझी गुप्त पोलिसांनी) बंद पाडले. हे बहुतेकांना माहीत असते. 1939 च्या उन्हाळ्यात मित्रांनी त्यांना न्यूयॉर्कला सुरक्षित जागी आणले होते आणि काही आठवड्यांतच ते परत फिरले, हेही माहीत असते.

या धाग्याच्या संदर्भात त्यांचे कुटुंब मला महत्त्वाचे वाटते. एप्रिल 1943 मध्ये त्यांना अटक झाली तेव्हा मारिया फॉन वेडेमायर हिच्याशी त्यांचा वाङ्‌निश्चय होऊन जेमतेम काही महिने झाले होते. 9 एप्रिल 1945 रोजी फ्लोसेनबुर्ग येथे त्यांना फाशी दिले. त्याच महिन्यात त्यांचा भाऊ क्लाउस आणि दोन मेहुणे, हान्स फॉन डोनानी आणि र्‍यूडिगर श्लायशर, यांनाही मारण्यात आले. म्हाताऱ्या आईबापांनी दोन मुलगे आणि दोन जावई एका महिन्यात गमावले. ही किंमत टिळकांच्या घराने भरलेल्या किमतीपेक्षा कितीतरी मोठी आहे, पण तेथे पाळकाची_लेक यांनी वर्णन केलेली कडवट चव नाही, कारण ते सगळे घर त्या कामात जाणूनबुजून उतरलेले होते. डोनानीनेच बोनहॉफरना हिटलरविरोधी कटाशी जोडले. बायका निरोप पोचवीत आणि तुरुंगात पाठवलेल्या पुस्तकांत खुणा करून संदेश देत.

त्यामुळे माझा मुद्दा असा की प्रश्न किंमत किती आणि कोणी भरली एवढाच नसावा. भरणाऱ्याला आपण कशासाठी भरतो आहोत हे माहीत होते का, हाही असावा. शिष्यत्वाची हाक एकेकट्याला येते, हे बोनहॉफर यांनीच आग्रहाने लिहिले आहे. ती आल्यावर घरच्यांना विश्वासात घ्यायचे की नाही हे मात्र हाक ठरवीत नाही.

जुना_नगरकर

बर्लिनकरांच्या प्रतिसादानंतर टिळकांच्या उत्तरार्धाविषयी थोडे लिहिणे प्राप्त आहे, कारण आपण सगळे 1895 ते 1900 या काळातच अडकलो आहोत.

नगरच्या घरात पुढे जे झाले त्याला दोघांचे मिळून केलेले काम म्हणता येते. अनाथ मुले, दुष्काळात आलेली मुले, आजारी माणसे, कवी, आश्रयाला आलेले विद्यार्थी, या सर्वांना त्या घरात जागा मिळाली आणि त्यांच्यासाठी राबण्याचे काम लक्ष्मीबाईंनी केले. बालकवी ठोंबरे त्या घरी मुलासारखे राहिले. त्यांच्यावर कोणी बाप्तिस्म्याची अट घातली नाही. ते हिंदूच राहिले आणि 1918 मध्ये भादलीजवळ रेल्वेखाली सापडून गेले तेव्हा त्या घराने पोटचा मुलगा गेल्यासारखा शोक केला. ही नव्या आज्ञेतली प्रीती आहे असे मी म्हणेन, आणि ती ख्रिस्ती समाजाच्या कुंपणाबाहेर गेलेली होती.

1917 मध्ये टिळक अमेरिकन मराठी मिशनपासून वेगळे झाले आणि साताऱ्यास त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तशिष्य त्यात असावेत ही त्यांची कल्पना होती. जुन्या मंडळींना ती पचली नाही. परंतु ज्याच्या स्वतःच्या घरात काही काळ बाप्तिस्मा न घेतलेली पत्नी आणि पुढे बाप्तिस्मा न घेतलेला मुलगाच म्हणावा असा कवी राहिला, त्याला ही कल्पना सुचणे स्वाभाविक होते, असे मला वाटते. 9 मे 1919 रोजी ते वारले, त्यामुळे दरबार फार वाढला नाही.

किंचित अवांतर: त्यांनी ओवीबद्ध ‘ख्रिस्तायन’ रचायला घेतले होते, त्याचे जेमतेम दहा-अकरा अध्याय झाले. ज्या बाईंना लग्नाच्या वेळी नीट लिहितावाचता येत नव्हते त्यांनी पुढचे साठाहून अधिक अध्याय लिहिले, आणि 1936 मध्ये त्या गेल्यानंतर दोन वर्षांनी तो ग्रंथ छापला गेला. बुरुजाचा दृष्टान्त धाग्यात आला म्हणून हे आठवले.

तटस्थ

नगरकर, माहिती उत्तम. परंतु आपण जे शेवटी अवांतर म्हणून लिहिले तेच धागाकर्त्यांच्या मूळ तक्रारीला बळ देते. बांधायला घेतले एकाने आणि पुरे केले दुसरीने. अनाथांना आश्रय देण्याचे श्रेय टिळकांच्या उदारपणाला आणि त्यांच्यासाठी चूल पेटवण्याचे काम लक्ष्मीबाईंना, अशीच ही वाटणी नाही का?

पाळकाची_लेक

तटस्थ, येथे मी नगरकरांच्या बाजूने आहे. माझ्या आईविषयी लिहिले ते लक्ष्मीबाईंना जसेच्या तसे लावू नये. माझ्या आईला शेवटपर्यंत कोणी विचारले नाही. लक्ष्मीबाई मात्र नगरच्या त्या वेगळ्या चुलीपाशी बसून ‘नाही’ म्हणू शकत होत्या आणि बराच काळ म्हणतही होत्या. ज्या व्यक्तीला नाही म्हणता येते तिने पुढे केलेले काम हे दुसऱ्याच्या त्यागाचे बिल भरणे नसते. ‘ख्रिस्तायन’ पुरे करायला त्यांना कोणी सांगितले नव्हते. नवरा जाऊन कितीतरी वर्षे झालेली होती. त्यांना केवळ सोसणारी बाई म्हणून पाहणे हे प्रवचनात त्यांचे नावच न घेण्याच्या जवळ जाते. त्या स्वतः शिष्या होत्या, आणि टिळकांच्या मागून नव्हे, स्वतःच्या वाटेने तेथे आल्या होत्या. नवऱ्याच्या रागाची आणि विसरभोळेपणाची त्यांनी जी थट्टा केली आहे तीसुद्धा बरोबरीच्या माणसाची थट्टा आहे.

ओवीवाचक (धागाकर्ते)

सर्वांचे प्रतिसाद वाचून मी लूक 14 पुन्हा उघडले आणि ज्या शब्दांकडे मूळ धाग्यात मी लक्ष दिले नव्हते तिथे थांबलो. सोडायच्या गोष्टींच्या त्या यादीत आईबाप, बायको, मुले यांच्यानंतर शेवटी ‘स्वतःचा जीव’ येतो. आपण प्रवचनांत यादीच्या पहिल्या भागावर इतका भर देतो की शेवट वाचायचा राहतो, आणि शेवट वाचला नाही तर यादीतील इतर माणसे ही शिष्याच्या मालकीची वस्तू ठरतात, जी त्याने देवाला वाहून टाकायची.

1895 साली महाराष्ट्रातील नवऱ्याजवळ स्वतःचे म्हणावे असे सर्वांत मोठे काय होते? बायकोवरचा हक्क. रखमाबाईंचा खटला त्याच्या काही वर्षे आधीच मुंबईत गाजलेला होता. दादाजी भिकाजी यांनी बायको नांदायला येत नाही म्हणून दावा लावला, आणि मार्च 1887 मध्ये न्यायालयाने रखमाबाईंनी नवऱ्याच्या घरी जावे, नाहीतर तुरुंगवास पत्करावा, असा निकाल दिला होता. वर्तमानपत्रे त्या खटल्याने भरली होती आणि बहुतेक सुशिक्षित पुरुष नवऱ्याच्या बाजूचे होते. त्या हवेत वाढलेल्या, तापट स्वभावाच्या पुरुषाने बायकोला ओढून आणले नाही, नगरकरांनी सांगितल्याप्रमाणे कायद्याचा आधार घेऊन तिला मोकलूनही दिले नाही, आणि ती आली तेव्हा तिचे सोवळे सांभाळू दिले. यादीतील शेवटच्या शब्दांचे आज्ञापालन मला येथे दिसते. पाळकाची_लेक यांनी दिलेली खूण लावली तर घर सोडणे त्या खुणेत बसत नाही, पण हक्क सोडणे बसते, कारण तो हक्क टिळकांना नक्कीच प्रिय होता.

उत्तर_वसई यांच्याशी माझा मतभेद पूर्ण मिटलेला नाही. पर्पेतुआच्या उदाहरणात मागणी आणि वेळ दोन्ही सम्राटाने ठरवली होती. टिळकांच्या उदाहरणात बाप्तिस्म्याची वेळ त्यांनी स्वतः ठरवली, आणि पत्नीशी बोलून ती पुढे ढकलता आली असती का, हा प्रश्न माझ्या दृष्टीने उरतोच. दत्तूच्या बाबतीत तर तो अधिकच उरतो, कारण त्या वयाच्या मुलाला बर्लिनकरांची कसोटी लावताच येत नाही.

आमच्या मंडळीच्या बायबल अभ्यासात पुढच्या महिन्यात लूक 14 घ्यायचे ठरले आहे. त्याच बैठकीत मार्क 7 आणि करिंथकरांस पहिल्या पत्राचा सातवा अध्यायही वाचावा, आणि टिळकांचे नाव घेणाऱ्याने लक्ष्मीबाईंची त्या वर्षांतली हकिगत त्यांच्याच शब्दांत वाचून दाखवावी, असे मी सुचवले आहे. पाळकसाहेबांनी मान्य केले आहे, मात्र वेळ दुप्पट लागेल अशी त्यांची तक्रार आहे.